दीड स्टॉप वर

तजम्मुलचं जहाज किर्केनेसच्या धक्क्याला लागलं
तेव्हा तिथं सूर्य रजेवर होता.
पावणेदोन महिने उगवलाच नाही म्हणे,
नुसता दुपारी आभाळाच्या कडेला
जांभळाचा डाग धुऊन उरावा तेवढा उजेड.
रुकय्याखालानं एवढंच विचारलं,
मग फजर कधी रे पढतो तो?

ऐन पौषात त्याचा फोटो आला.
उगवला होता एकदाचा,
अकरा मिनिटांसाठी.
खाली जमीन, क्रेन, दोरखंड, गोठलेलं पाणी,
सगळं एकाच रंगाचं, ओल्या सिमेंटच्या.
खालानं मोबाईल लांब धरला, जवळ धरला.
आजारी दिसतो हा सूर्य, म्हणाली,
काही खात नसेल.

मी त्याला कळवलं:
बर्फ कॅमेऱ्याला फसवतो.
इतकं पांढरं जगात काही असेल
यावर त्याचा विश्वास बसत नाही,
म्हणून तो आपल्या हिशेबानं त्यात काळं कालवतो.
तू दीड स्टॉप वर जा.
त्याला पटो न पटो.

मी स्वतः बर्फाचा डोंगर पाहिलेला नाही.
दापोलीत एका वैशाखात गारा पाहिल्या,
त्याही ओंजळीत येईतो पाणी.
हे शिकलो पापलेटांकडून.
एक्सपोर्टवाल्या शेटच्या कॅटलॉगसाठी
बर्फावर मांडून चोवीस पापलेटं काढली,
बर्फ आला चुलीतल्या राखेसारखा.
शेट म्हणाला, मासळी विकायचीय रे, पुरायची नाहीय.
पैसे बुडाले. स्टॉप कळला.

मग खाला म्हणाली, त्याला आपला एक पाठव.
आपला काय?
सूर्य. आणि खाली बर्फ घाल थोडा,
नाहीतर ओळखायचा नाही.

हर्णैचा सूर्य समुद्रातून येत नाही.
पाहुण्यांना हे दर डिसेंबरात सांगावं लागतं,
पहाटे पाचला किल्ल्याकडे तोंड करून
कुडकुडत बसलेले असतात बिचारे.
तो येतो पाठीमागून, डोंगराआडून, माडांच्या शेंड्यांतून,
कामावर उशिरा आलेल्या माणसासारखा,
कोणाकडे न बघता.

बंदरावर बर्फाच्या लाद्या उतरत होत्या.
क्रशरच्या तोंडातून भुगा उडत होता,
टोपल्यांत, खोक्यांत, बाकीचा धक्क्यावर.
त्या बाकीच्यात मी पालथा पडलो.
द्रौपदी पावसे ओरडली, भाल्या, भोवळ आली काय?
कोपरापर्यंत पाणी शिरलं, त्यात डिझेल,
त्यात कालच्या बांगड्यांचे खवले.
भिंग इतकं खाली की वीतभर ढिगाऱ्याला
शिखरं फुटली, दऱ्या पडल्या,
एका दरीत कोळंबीची मिशी.

तो वर आला.
प्रत्येक खड्यात एकेक ठिणगी.
दीड नाही, दोन स्टॉप गेलो,
मग भीती वाटून परत दीडवर.
सहा फोटो. सातव्याला
द्रौपदीनं टोपली उचलली आणि पर्वतरांग संपली.

घरी येऊन बघतो तर चांगल्यात चांगला जो
त्यात डाव्या बाजूला काळा पट्टा.
खाला. माझ्यासाठी चहाचा थर्मास घेऊन
कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे,
बरोबर सूर्याच्या वाटेत.
तेवढं कापलं. पाठवला.

दोन दिवस जहाजावर नेट नव्हतं.
मग उत्तर आलं. बर्फाबद्दल चकार शब्द नाही,
सूर्याबद्दल नाही,
माझ्या त्या पर्वतांबद्दल तर नाहीच.

डाव्या कडेला ओढणीची किनार कोणाची आहे?
पूर्ण पाठव.

मूळ फोटो पुसलेला नव्हता, नशीब.
उघडून पुन्हा बघितला, मोठा करून.
खालाची सावली बर्फावरून निघून
थेट भिंगापर्यंत आलेली,
आणि तेवढ्याच पट्ट्यात,
जिथं मी माप घेतलंच नव्हतं,
बर्फ निळा.